मास्तरांच्या डब्यातल्या चुका

मी चौथी पास आहे. पारशिवनीकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर तालुक्याला जावं लागे, आणि मुलीला तेवढ्यासाठी कोणी पाठवत नसे. त्या चार वर्षांत माझं अक्षर तेवढं चांगलं झालं. आमचे गुरुजी शिकवायचे कमी आणि कित्ता जास्त गिरवून घ्यायचे. ते आळशी होते म्हणून तसं करायचे, पण माझा फायदा झाला.

चौथी पास बाई वाक्याच्या आणि शैलीच्या गोष्टी का सांगते, असं कोणी विचारेल. मी त्या एका मास्तरांच्या स्वयंपाकघरात शिकले. शिकता शिकता त्यांचं मोठं नुकसानही केलं. ते नुकसान कसं झालं आणि कसं भरून निघालं, तेवढंच इथे लिहिते.

लग्न करून नागपूरला आले तेव्हा नवरा गिरणीत होता. पुढे त्याची पाळी कधी असायची, कधी नसायची, म्हणून मी स्वयंपाकाची कामं धरली. हे मास्तर महाल भागात दोन भाड्याच्या खोल्यांत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. एक डोळा गेलेला, दुसरा जाण्याच्या वाटेवर. गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे, घरोघरी अजून शेगड्या पेटत होत्या तेव्हाची.

मास्तर सकाळचा चहा स्वतः करत. मी पोचायच्या आत दोनदा त्यांनी चहात मीठ टाकलं आणि दोनदा तो पिऊनही टाकला, कारण टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी दोन कागद कापले, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खळीने डब्यांना चिकटवले. एकावर लिहिलं, ‘साखर.’ दुसऱ्यावर, ‘मीठ. साखर नाही.’

दुसऱ्या दिवशी मास्तर भिंग घेऊन डब्यासमोर उभे.

“बाई, हे तुम्ही लिहिलं?”

“हाव जी.”

“असं लिहायला कोणी सांगितलं?”

“कोणी कायले सांगते? तुम्ही दोनदा खारा चहा पेले.”

ते हसले. म्हणाले, “तीन शब्द. त्यात वाचणाऱ्याची चूक आधीच ओळखलेली. माझ्या वर्गात एकालाही हे जमत नाही.”

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण त्यानंतर ते वर्ग घेत असताना मी मधलं दार लोटून घेणं बंद केलं.

वर्ग घरातच, बाहेरच्या खोलीत, दुपारी चारला भरायचा. सतरंजीवर सहा-सात जण बसत. सगळे मोठे लोक. एक पोस्टात कारकून होता, दोघी मास्तरणी होण्याच्या तयारीत होत्या, एक नर्स होती, एकाला गोष्टी लिहायच्या होत्या. मास्तर त्यांना वाक्य शिकवत. मी आत कणीक मळताना ऐके. केवल वाक्य म्हणजे ज्यात एकच विधान आहे. संयुक्त म्हणजे दोन विधानं जोडलेली, कोणी कोणावर अवलंबून नाही. आणि, पण, किंवा, हे त्यांचं जू. मिश्र म्हणजे एक मुख्य आणि बाकीची त्याला धरून. बाजारात निघालेल्या बाईच्या पदराला तीन पोरं लोंबकळत असतात तसं. हे शेवटचं उदाहरण मास्तरांचं नाही, माझं आहे.

एकदा ‘आकांक्षा’ शिकवली. एक शब्द बोलला की ऐकणाऱ्याच्या मनात पुढच्या शब्दाची ओढ लागते, तिला आकांक्षा म्हणतात. चांगला लिहिणारा ती थोडी ताणतो आणि वेळेवर सोडतो. माझी सासू ती ताणायची, सोडायची मात्र नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

एकदा अतिशयोक्तीचं उदाहरण मागितलं. पोस्टातला म्हणाला, नागपूरच्या उन्हात दगडावर पोळी भाजते. नर्स म्हणाली, ही अतिशयोक्ती नाही, साधं विधान आहे. त्यावर अर्धा तास वाद झाला. मास्तरांनी निकाल दिला नाही. त्यांचं घर पश्चिमेकडे तोंड करून होतं.

मास्तर एक पुस्तक लिहीत होते, लिहायला शिकणाऱ्यांसाठी. वाक्य कसं बांधायचं, शैली म्हणजे काय, तिच्यात गुण कोणते आणि दोष कोणते. ते जाड निबेने लिहायचे आणि ओळींवर ओळी चढायच्या. त्यांचं लिहिलेलं त्यांना परत वाचता येईना. डब्यावरची चिठ्ठी पाहिल्यावर त्यांनी मला विचारलं, हे पान पान करून सुवाच्य उतरवाल का. रोज स्वयंपाक झाल्यावर दोन तास मी बसू लागले.

ते पुस्तक त्यांना गाजवायचं नव्हतं. छापलेलं एकदा स्वतःच्या डोळ्याने पाहायचं होतं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी मला अगदी सपाट आवाजात सांगितली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा डोळा थंडीपर्यंत टिकला तर टिकला. इतवारीतल्या छापखान्याच्या मालकांनी दसऱ्याची मुदत घातली होती. मी पहिली पानं द्यायला गेले तेव्हा ते मशीनच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, “बाई, मास्तरले सांगा, दसऱ्याले सगळे कागद आले तं दिवाळीत पुस्तक. नाई आले तं संक्रांतीपर्यंत भूल जाओ. दिवाळीनंतर लग्नाचे कार्ड लागतात, मंग मायाजवळ अक्षरांचे खिळे रिकामे नाई राहत.”

म्हणजे दसरा. सगळं दसऱ्यावर होतं.

पहिले काही दिवस मी प्रत्येक ओळीला विचारायची. हा शब्द दोनदा आला, ठेवू का. हे वाक्य मधेच तुटलं, जोडू का. मास्तर वैतागले.

“बाई, भाजीत मीठ किती टाकू, असं तुम्ही मला विचारता का?”

“नाही जी.”

“मग इथेही विचारू नका. अडखळलं की सरळ करा. जास्तीचं असेल ते काढा. वाचणाऱ्याचा वेळ खायचा नाही.” मग थांबून म्हणाले, “फक्त प्रस्तावनेला हात लावू नका.”

प्रस्तावना त्यांनी सगळ्यात आधी लिहिली होती, डोळे चांगले असताना. ती त्यांना पाठ होती. वर्गात नवीन कोणी आलं की ते एकदा तरी म्हणून दाखवत. मी ती जशीच्या तशी उतरवली. ती मला कशी वाटली हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

श्रावणात त्यांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत चिठोरी होती, बत्तीस. प्रत्येकावर एक वाक्य, निरनिराळ्या हस्ताक्षरांत.

“यांना नंबर घाला आणि वहीत उतरवा. हे पुस्तकाचं काळीज आहे. जपून.”

एवढंच सांगितलं आणि ते वर्गावर गेले. मला वाटलं, काळीज म्हणतात म्हणजे चांगल्या वाक्यांचा साठा असेल. पहिलं चिठोरं काढलं. त्यावर होतं:

‘मी काल बाजारात जाऊन बाजारातून भाजी आणण्यासाठी गेलो असता बाजार बंद असल्याकारणाने बाजारातून भाजी न आणता परत आलो.’

मी दोनदा वाचलं. मग दुसरं काढलं. ते त्याहून वाईट. तिसऱ्यात कोण कोणाला मारतो तेच कळत नव्हतं. मला मास्तरांची कीव आली. मनात म्हटलं, डोळे गेलेला माणूस, कोणीही काहीही आणून देतं आणि हा जपून ठेवतो. हे असं छापलं तर लोक हसतील.

मी कामाला लागले. बाजाराचं वाक्य असं केलं: ‘काल बाजार बंद होता; भाजी मिळाली नाही.’ बत्तीसच्या बत्तीस वाक्यं मी आठ दिवसांत सरळ केली. मेहनत फार लागली. काही वाक्यांत सांगायचं काय आहे तेच नव्हतं, तिथे मी माझ्या मनाने काहीतरी अर्थ घातला. वही सुंदर झाली. चिठोऱ्यांना कसर लागली होती, धरलं की कडा पिठासारख्या गळत. वहीत उतरलं म्हणजे त्यांचं काम संपलं. मी ती शेगडी पेटवायला वापरली. आठवडाभर पुरली.

गणपती गेले आणि मास्तरांनी सातवं प्रकरण सांगायला घेतलं. तोवर त्यांना लिहिणं बंदच झालं होतं, ते सांगत आणि मी लिहीत असे. ते खुर्चीवर, मी खाली पाटावर.

“प्रकरण सातवे. वाक्याचे दोष,” ते म्हणाले. “चांगले वाक्य कसे असते हे शब्दांनी सांगता येत नाही. वाईट वाक्य मात्र दाखवता येते. पुढे दिलेली सदोष वाक्ये मी तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांतून, अर्जांतून आणि पत्रांतून गोळा केली आहेत.”

माझा हात थांबला.

“लिहिलं?”

“लिहून राहिली जी.”

“आता वही काढा. पहिलं वाक्य वाचा. पुनरुक्तीचं.”

मी वाचलं, “काल बाजार बंद होता, भाजी मिळाली नाही.”

“ते नाही. पहिलं.”

“हे पहिलंच हाय.”

“बाई, बाजाराचं वाक्य. बाजार चार-पाच वेळा येतो त्यात.”

“आता एकदाच येते.”

मास्तर माझ्या दिशेने वळले. त्यांना मी दिसत नव्हते, फक्त माझ्या जागी काहीतरी काळं दिसत असेल.

“दुसरं वाचा,” ते म्हणाले. मी वाचलं. तिसरं, चौथं. सातव्याला त्यांनी हात वर केला.

“सगळी दुरुस्त केली?”

“हाव जी. बत्तीस.”

“चिठोरी कुठे आहेत?”

“त्यायले कसर लागली होती. शेगडीत गेली.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि चाचपडत जाऊन कॉटवर बसले. त्या दिवशी त्यांनी ताट परत केलं. मी ताट झाकून ठेवलं आणि म्हटलं, “चुकाच तर होत्या. दुसऱ्या भेटतील. चुकांची काय कमी हाय?”

“चुका मिळतात, बाई,” मास्तर म्हणाले. “चांगल्या चुका मिळत नाहीत. एका वाक्यात एकच दोष, आणि तोही पोरालाही दिसेल असा. त्याला तीस वर्षं लागली.”

“तुम्हाले आठवत असतील थोड्या.”

“मी आयुष्यभर दुरुस्तच करत आलो. दुरुस्त केलेलं आठवतं. चूक आठवत नाही.”

माझंही तसंच झालं होतं. मी स्वतः बत्तीस वाक्यं वाचली होती, पण बाजाराचं सोडून एकही आठवत नव्हतं.

दसऱ्याला तीन आठवडे होते. मी रडले वगैरे नाही. काम बिघडवलं तर काम करून द्यायचं, एवढंच मला येत होतं. प्रकरणात दोष अकरा होते. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना म्हटलं, बत्तीस कायले पाहिजेत, एका दोषाले एक, अकरा पुरे. बाजाराचं एक माझ्या डोक्यात हाय, ते पुनरुक्तीत घाला. राहिले दहा. ते काहीच म्हणाले नाहीत, म्हणून मी तो होकार धरला.

पाल्हाळासाठी मला लांब जावं लागलं नाही. संध्याकाळी घरी गेले, वही घेऊन सासूसमोर बसले आणि विचारलं, “आई, तुरीची डाळ कोण्या डब्यात ठेवली?”

सासू म्हणाली, “अवं, डाळ म्हणजे कोणची, परवाची का आजची? परवाची तं थे बेसा गावची बाई देऊन गेली, बेसावाली म्हणजे जिच्या पोरीचं लगन मोडलं थेच, मोडलं म्हणजे पोट्टंच पयालं, पयालं नाई म्हणा, मामाकडे गेलं आन् आलंच नाई, आन् मामा तरी कसा, त्याची म्हैस दर वर्षी आजारी पडते, आन् पडन नाई तं काय, पाणी कुठलं पाजतात तिले, मी तं म्हणते त्या विहिरीचं पाणीच... काय लिहून राहिली वं?”

“तुमचं बोलणं.”

“कायले?”

“मास्तरच्या पुस्तकात छापाचं हाय.”

सासू गप्प झाली. मग पदर नीट केला. दुसऱ्या दिवशी मी परत बसले तर तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि शेजारणीलाही बोलावून ठेवलं होतं.

“इचार आता,” ती म्हणाली.

“डाळ कोण्या डब्यात हाय?”

“निळ्या.”

शेजारीण आणि मी वाट पाहत राहिलो. सासू पुढे काही बोलेना.

“लिहिलं का?”

“नाई.”

“काहून वं?”

“हे चांगलं झालं. मले वाईट पाहिजे होतं.”

“म्हणजे काल म्या वाईट बोलली होती का?”

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली, तिथेच चुकलं. सासूने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. त्या दोन दिवसांत घरात एकही दोष सापडला नाही. पण पहिल्या दिवशीचं वहीत होतं. मी त्यातलं एक अक्षर हलवलं नाही.

मग वर्गातल्या लोकांना विचारलं. मास्तरांच्या डब्याचं झालेलं मी सरळ सांगितलं आणि म्हटलं, एकेक चुकीचं वाक्य आणून द्या. सगळ्यांनी दुसऱ्याच्या चुका सांगितल्या. पोस्टातला म्हणाला, माझ्या साहेबांच्या फार असतात. गोष्टी लिहिणारा म्हणाला, आता माझ्या लिखाणात चुका राहिल्या नाहीत, सरांनी काढल्या. नर्सने प्रयत्न करून एक वाक्य लिहिलं, पण मुद्दाम लिहिलेली चूक लगेच ओळखू येते. दारुडा होऊन नाचणाऱ्या शहाण्या माणसासारखी दिसते.

हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

“चूक मागू नका,” ते म्हणाले. “उत्तम लिहून आणा म्हणा. उत्तम उतारा पुस्तकात घेऊ म्हणा.”

आठवड्यात सात उतारे आले. प्रत्येकाने जीव ओतून लिहिले होते. पोस्टातल्याने लिहिलं होतं, ‘माझ्या मते मला असे वाटते की व्यक्तिशः माझे मत वेगळे आहे.’ पण पुनरुक्ती बाजाराने भरली होती, म्हणून हे ‘अनावश्यक पदे’ या दोषात गेलं. गोष्टी लिहिणाऱ्याच्या एकाच पानावर तीन निरनिराळे दोष होते. मी ते वाचून दाखवताना मास्तर मान हलवत होते. गाण्याच्या बैठकीत हलवतात तशी.

राहिलेले मी शहरात शोधले. छापखान्यात पानं द्यायला गेले तेव्हा दिवाळीनंतरच्या लग्नाची एक पत्रिका आधीच छापून वाळत पडली होती. तिच्यावर होतं, ‘कृपया आहेर आणू नये, आणल्यास परत मिळणार नाही.’ मालकांना म्हटलं, एक घेऊ का. ते म्हणाले, “घ्या. बराबर आहे नं छपाई?” मी म्हटलं, एकदम बराबर. जरीपटक्याच्या बाजारात एका दुकानाच्या पाटीवर होतं, ‘येथे जुन्या स्त्रियांच्या व मुलांच्या चष्म्यांच्या काचा बदलून मिळतील.’ जुने कोण झालं ते कळत नव्हतं. ते संदिग्धतेला लागलं.

दहा झाली. अकरावा दोष तेवढा मिळेना. मास्तरांच्या यादीत त्याचं नाव शब्दावडंबर होतं. सांगायचं थोडं आणि शब्द भारी. मी बाजारात ऐकलं, गिरणीच्या दारात ऐकलं, नळावर ऐकलं. आमच्या भागातले लोक तसं बोलतच नाहीत. इथे माणूस पाल्हाळ लावेल, खोटं बोलेल, शिवी देईल, पण भारी शब्द त्याच्याकडे नसतात. वर्गातल्या उताऱ्यांत थोडं होतं, पण ते भित्रं होतं. मास्तर म्हणत, दोष ठळक हवा.

दसऱ्याला दोन दिवस राहिले. पूर्ण हस्तलिखित बांधायचं म्हणून मी पहिल्या पानापासून पानं लावायला घेतली. पहिलं पान प्रस्तावनेचं.

‘ज्ञानाच्या अथांग महासागराच्या वालुकामय किनाऱ्यावर नतमस्तक उभे राहून शब्दरूपी शिंपले वेचणाऱ्या या पामराच्या दुबळ्या ओंजळीत जी काही चिमुकली मौक्तिके गवसली, ती रसिक वाचकांच्या चरणकमळी अर्पण करताना अंतःकरण कृतज्ञतेच्या लाटांनी उचंबळून येत आहे.’

मी पान हातात धरून बसले. मास्तरांनी समुद्र कधी पाहिला होता की नाही मला ठाऊक नाही. नागपुरात शुक्रवारी तलाव आहे, त्याला लाटा येत नाहीत.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, अकरावा दोष रिकामा ठेवून दहावरच भागवायचं. मास्तरांना ते खटकलं असतं, पण पुस्तक वेळेवर गेलं असतं. दुसरी, हातातलं पानच त्यांच्यापुढे ठेवायचं. ते रागावले असते तर माझं काम गेलं असतं आणि कदाचित पुस्तकही गेलं असतं, कारण रागावून ते छापायलाच नाही म्हणाले असते. मी फार विचार केला असं नाही. एकदा न विचारता त्यांची वाक्यं मी सरळ केली होती. आता विचारून वाकडं दाखवायचं, एवढाच फरक होता.

दुपारी त्यांना म्हटलं, अकरा झाली, ऐका. मी एकेक वाचत गेले. पाल्हाळाला, म्हणजे माझ्या सासूला, ते हसले. म्हशीपाशी आल्यावर म्हणाले, “परत वाचा.” लग्नपत्रिकेला मांडीवर थाप मारली. दहावं झालं.

“आणि शब्दावडंबर?”

मी वाचायला सुरुवात केली. “ज्ञानाच्या अथांग महासागराच्या...”

‘पामराच्या’ पर्यंत आले तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग थांबले. मी शेवटपर्यंत वाचलं. ‘येत आहे, पूर्णविराम’ असं म्हटलं, कारण विरामचिन्हं मोठ्याने वाचायची त्यांनीच सवय लावली होती.

खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी वही मिटली नाही.

“हे कुठे मिळालं?” त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं तरी विचारलं.

“घरातच.”

“कधीपासून कळत होतं तुम्हाला?”

“पयल्या दिवशीपासून.”

“मग बोलल्या का नाहीत?”

“तुम्हीच म्हणाले, प्रस्तावनेले हात लावू नका. म्या लावला नाई. म्या नुसतं वाचलं.”

मास्तरांनी चष्मा काढला. त्याचा त्यांना काही उपयोग उरला नव्हता, तरी तो ते रोज घालत. काच धोतराच्या टोकाने पुसली आणि परत घातला.

“तीस वर्षं पोरांच्या वह्यांत शोधत होतो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. हजेरी घेताना असतो तसा आवाज. “प्रकरणात राहू द्या ते. नाव घालू नका. आणि प्रस्तावनेतून काढा.”

“मंग प्रस्तावना राहतच नाई. थेवढीच हाय.”

“लिहा नवीन.”

मी कोरा कागद घेतला. त्यांनी एका दमात चार वाक्यं सांगितली. मी लिहून घेतली, वाचून दाखवली. ते म्हणाले, ठीक आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कागद फडक्यात बांधून इतवारीत नेऊन दिले. मालक म्हणाले, “आले का? मले तं वाटलं, मास्तरनं खेळ संपवला.”

छापखान्यातून प्रूफं आली, ती मीच वाचली आणि मास्तरांनी ऐकली. प्रस्तावनेचं पान सगळ्यात शेवटी जुळलं, दिवाळीच्या तोंडावर. मालक घाईत होते, म्हणाले, एवढ्याशा पानाचं प्रूफ काय पाठवू, इथेच पाहून घ्या. मी तिथेच उभी राहून पाहिलं आणि एक दुरुस्ती केली.

दिवाळीला चार दिवस असताना पुस्तक आलं. मालकांनी वरच्या पानावर पुस्तकाचं नाव लाकडी टायपात छापलं होतं, बोटाएवढं एकेक अक्षर. ते माझ्या सांगण्यावरून. मास्तर पुस्तक घेऊन खिडकीशी गेले. डोळा तोवर टिकला होता, थोडा. पुस्तक डोळ्याला लावून, मग हळूहळू लांब नेत, त्यांनी नाव वाचलं. मग भिंग मागितलं आणि आतलं पान उघडलं. पुढे एकेक अक्षर धरून धरून त्यांनी वाचलेलं मी ऐकलं.

‘हे पुस्तक लिहायला शिकणाऱ्यांसाठी आहे. यातली सदोष वाक्ये खरी आहेत. त्यांतले एक माझे आहे.’

ते थांबले. भिंग खाली सरकवलं. तिथे कोरा कागद होता. भिंग परत वर नेलं.

“बाई, मी चार वाक्यं सांगितली होती.”

“हाव जी.”

“चौथं कुठे आहे?”

चौथं माझ्याबद्दल होतं. ही प्रत कोणी उतरवली आणि तिच्याशिवाय काय झालं नसतं वगैरे.

“म्या काढलं,” मी म्हटलं. “थे जास्तीचं होतं.”

पुस्तक तसंच उघडं धरून ते उभे राहिले, उजेड कमी होईपर्यंत. मग वळले आणि म्हणाले, “तो बिस्किटांचा डबा फेकला तर नाही ना?”

“नाई. रिकामा हाय.”

“कागद घ्या. चौथं वाक्य जसं सांगितलं होतं तसं लिहा आणि त्यात टाका.”

मी लिहिलं. ह्या वेळी एकही शब्द हलवला नाही. डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि भाकरी टाकायला गेले.